आलेख तोच, संगणक तीन

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयात पायथन या प्रोग्रामिंग भाषेची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. पहिल्या दिवशीचं काम मुद्दाम सोपं ठेवलं होतं. आपापल्या तालुक्याचे पावसाचे आकडे घ्यायचे आणि मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रामचा संच, वापरून त्यांचा आलेख काढायचा. पाच-सहा ओळींचा प्रोग्राम, सगळ्यांना एकच दिलेला. बहुतेकांच्या लॅपटॉपवर विंडोज होतं, दोघांकडे मॅक आणि तीन-चार जणांकडे उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार.

विंडोजवर खिडकी उघडली, आलेख दिसला. उबुंटूवाल्या एका मुलाकडे प्रोग्राम संपला, एक इशारा छापून आला आणि आलेख मात्र कुठेच नाही. मॅकवाल्याने महिन्यांऐवजी तारखा घेऊन थोडा बदल केला होता. त्याच्याकडे सगळं नीट चाललं, पण तोच प्रोग्राम शेजारच्या विंडोजवर नेल्यावर तारखांच्या ओळीपाशी अडला. आणि एका मुलीने उभ्या अक्षाला ‘पर्जन्यमान (मिमी)’ असं नाव दिलं, तर तिथे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले.

ती म्हणाली, “सर, प्रोग्राम तर सगळ्यांचा एकच आहे. मग प्रत्येकाकडे वेगळं का होतंय?”

तेव्हा प्रत्येकाची अडचण तेवढी सोडवून दिली. पण तिचा प्रश्न जास्त मोलाचा होता आणि त्याचं उत्तर सवडीनेच द्यायला हवं.

मॅटप्लॉटलिब हे मोफत, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. ती लिहायला घेतली जॉन हंटर यांनी. शिकागो विद्यापीठात ते मेंदूवर संशोधन करत होते आणि त्यांचा विषय होता अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा आजार. मेंदूच्या पृष्ठभागावरून येणारे विद्युत संकेत तपासायला त्यांच्या गटाकडे एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण परवाना एकच. ते चालण्यासाठी संगणकाला एक छोटी किल्ली लावावी लागे. ती एकच किल्ली विद्यार्थी, डॉक्टर आणि संशोधक पाळीपाळीने वापरत. पुढे त्यांनी मॅटलॅब हे आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, पण रुग्णालयातली नाना प्रकारची माहिती त्यात बसवणं जड जाऊ लागलं. मग हंटर पायथनकडे वळले आणि २००३ साली मॅटप्लॉटलिबची पहिली आवृत्ती आली. २००८ मध्ये नासाचं फिनिक्स यान मंगळावर उतरलं तेव्हा पृथ्वीवर आकडेवारीचे आलेख पाहायला हीच लायब्ररी वापरली गेली. २०१२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, कर्करोगावरचे उपचार चालू असताना हंटर गेले. त्यांचं काम आजही बहुतांशी स्वयंसेवक पुढे नेत आहेत.

ज्याच्या त्याच्या संगणकावर, कुणाची किल्ली न मागता चालायला हवं, ही गरज या लायब्ररीच्या जन्मातच आहे. प्रत्यक्षात ते कसं साधलं, ते पाहू.

पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. फरक इतकाच की ठिपके लाखोंनी असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत साठवलेला असतो. तिरकी रेघ काढायची तर कुठले ठिपके भरायचे हे ठरवावं लागतं. नुसते काळे ठिपके भरले तर रेघ पायऱ्यांसारखी दिसते, म्हणून कडेच्या ठिपक्यांना फिकट छटा द्यायची असते. ती छटा नेमकी किती, याचं एकच उत्तर नाही. चित्र काढण्याची सोय विंडोजकडे वेगळी, मॅककडे वेगळी, लिनक्सवर आणखी वेगळी. ‘इथून तिथे रेघ काढ’ असं तिघांना सांगितलं तर तीन रेघा येतील, जवळपास सारख्या, पण हुबेहूब नाहीत. गप्पांसाठी चित्र हवं असेल तर एवढा फरक चालतो. संशोधनपत्रिकेत छापायच्या आलेखात चालत नाही.

मॅटप्लॉटलिबमध्ये सुरुवातीला त्या त्या खिडकीच्या साधनांकडूनच चित्र काढून घेण्याचे मार्ग होते. मग एक निर्णय झाला आणि मला तो या सगळ्या कथेतला सर्वात महत्त्वाचा वाटतो. चित्र आपणच काढायचं, संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला ते काम सांगायचंच नाही. त्यासाठी मॅक्सिम शेमानारेव्ह यांनी सी++ मध्ये लिहिलेली अँटी-ग्रेन जॉमेट्री, थोडक्यात ॲग, ही लायब्ररी पोटात घेतली. ॲगला खिडकी लागत नाही, पडदा लागत नाही. संगणकाच्या स्मृतीतल्या एका मोठ्या चौकटीत ती ठिपक्यांचे रंग भरत जाते. रांगोळी पूर्ण झाली की ऑपरेटिंग सिस्टीमला एवढंच सांगायचं, ‘हे तयार चित्र आहे, तुझ्या खिडकीत लाव.’

मॅटप्लॉटलिब वापरताना टीके-ॲग, क्यूटी-ॲग, जीटीके-ॲग अशी नावं दिसतात, त्यांचा अर्थ आता उलगडेल. नावाचा पहिला भाग खिडकी कोण उघडणार ते सांगतो, दुसरा भाग चित्र कोण काढणार ते. पहिला भाग संगणकागणिक बदलतो, दुसरा तोच राहतो. मॅकसाठीचा भाग पूर्वी ॲपलच्या स्वतःच्या चित्रसोयींवर चालायचा. पुढे तोही ॲगवर आणला.

या रचनेमुळे आलेखाचे घटक, म्हणजे रेघा, स्तंभ, अक्ष, अक्षरं, यांना आपण कुठल्या संगणकावर आहोत याची खबरही नसते. ते चित्रकाराशी अगदी मोजक्या शब्दांत बोलतात: हा मार्ग आख, ही खूण ठेव, हा मजकूर लिही, ही प्रतिमा चिकटव. चित्रकार बदलला तरी हे बोलणं तेच. म्हणून तोच आलेख पीडीएफमध्ये किंवा एसव्हीजीमध्येही जातो. तिथे ठिपके भरण्याऐवजी रेघांचे निर्देशांक लिहून ठेवले जातात.

खिडकी मात्र उसनीच घ्यावी लागते आणि उसनवारी आली की अडचणीही आल्या. क्यूटी या साधनात उंची वरून खाली मोजतात, मॅटप्लॉटलिब खालून वर मोजते. म्हणजे माउसची प्रत्येक टिचकी एकूण उंचीतून वजा करून घ्यावी लागते. नव्या मॅकच्या पडद्यावर दिसायला एक असलेला ठिपका आडवे दोन आणि उभे दोन खऱ्या ठिपक्यांनी बनतो, तर विंडोजवर कुणी दीडपट मोठं दाखवण्याची सोय लावलेली असते. ते गुणोत्तर विचारून घेतलं नाही तर आलेख धूसर दिसतो किंवा टिचकी भलतीकडे लागते. मॅकवर खिडकी उघडण्याचा हक्क प्रोग्रामच्या मुख्य धाग्यालाच (धागा म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) असतो, दुसऱ्या धाग्यातून उघडू गेलात तर प्रोग्राम कोसळू शकतो. अशा प्रत्येक साधनासाठी मधे एक दुभाष्या लिहिलेला आहे. तो त्या साधनाच्या भाषेतली टिचकी, कळ, खिडकीचा बदललेला आकार मॅटप्लॉटलिबच्या भाषेत सांगतो.

उबुंटूवाल्या मुलाचं घोडं इथेच अडलं होतं. विंडोजवर पायथन अधिकृत संकेतस्थळावरून घेतलं की खिडकी उघडणारं टीके सोबत येतं. उबुंटूवर ते वेगळं बसवावं लागतं. त्याच्याकडे टीके नव्हतं, क्यूटीही नव्हतं. २०१८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब उपलब्ध साधनं एकेक करून तपासते आणि काहीच सापडलं नाही तर नुसत्या ॲगवर थांबते. म्हणजे त्याचा आलेख काढून झाला होता, तो दाखवायला खिडकी तेवढी नव्हती. पटवून देण्यासाठी मी त्याला आलेख फाइलमध्ये साठवायला लावला. फाइल उघडली तर आलेख अगदी शेजारच्यासारखा. मग टीके बसवलं आणि खिडकीही आली. ज्यांचे प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर चालतात, जिथे पडदाच जोडलेला नसतो, त्यांना ही गोष्ट फार उपयोगी पडते. ३.० च्या आधी अशा ठिकाणी ‘डिस्प्ले सापडत नाही’ म्हणून प्रोग्राम बंद पडायचा आणि ॲग वापर असं हाताने सांगावं लागायचं.

आता एक पायरी मागे जाऊ, कारण लायब्ररी बसलीच नाही तर हे सगळं निरर्थक आहे. मॅटप्लॉटलिबचा मोठा भाग पायथनमध्ये असला तरी ॲग, अक्षरं रेखाटणारं फ्रीटाइप, त्रिकोणांची जाळी विणणारं क्यूहल हे सगळं सी आणि सी++ मध्ये आहे. ते त्या त्या प्रोसेसरसाठी आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कंपाइल करावं, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावं लागतं. एके काळी विंडोजवर हे बसवणं म्हणजे शिक्षा होती. मायक्रोसॉफ्टचा नेमका तोच कंपायलर हवा, नाहीतर ‘व्हीसीव्हार्सऑल सापडत नाही’ असा संदेश यायचा आणि शिकणारा तिथेच नाद सोडायचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या एका प्रयोगशाळेतले ख्रिस्तोफ गोल्के वर्षानुवर्षं विंडोजसाठी अशा लायब्ररी स्वतः कंपाइल करून सगळ्यांसाठी ठेवत. त्या काळात शिकलेल्या कित्येकांची गाडी त्यांच्यामुळेच पुढे सरकली.

नंतर ‘व्हील’ आली. पायथनच्या लायब्ररींच्या भांडाराला पूर्वी चीजचं दुकान म्हणत, म्हणून हे नाव चीजच्या गोल चकतीवरून. व्हील म्हणजे आधीच कंपाइल करून बांधलेली शिदोरी. जे जे लागेल ते आत, वाटेत कुणाकडे मागायचं नाही. लिनक्सवर मात्र एक पेच होता. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा शेकडो प्रकारांसाठी वेगवेगळी शिदोरी कोण बांधणार? २०१६ मध्ये त्यावर एक साधा, सुंदर उपाय ठरला. लिनक्सच्या सी लायब्ररीचा, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्या पायावर उभे असतात त्या संचाचा, स्वभाव असा की जुन्या आवृत्तीवर बांधलेलं नव्या आवृत्तीवर चालतं, उलट चालत नाही. मग सगळ्यांनी बांधणी मुद्दाम जुन्या लिनक्सवर करायची. पहिल्या मानकासाठी सेंटओएस ५ घेतलं, जे तेव्हाच जवळपास नऊ वर्षं जुनं होतं. या प्रकाराचं नाव मेनीलिनक्स.

तरीही संख्या वाढतेच. पायथनच्या तीन आवृत्त्या धरा. विंडोज, इंटेलचा मॅक, २०२० पासूनचा ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक, इंटेल प्रकारचं लिनक्स, एआरएम प्रकारचं लिनक्स हे पाच धरा. पंधरा शिदोऱ्या झाल्या, आणि खरी यादी याहून मोठी असते. नवी आवृत्ती काढताना या सगळ्या आपोआप बांधून तपासल्या जातात. आपण एक आज्ञा देतो आणि दोन मिनिटांत लायब्ररी बसते, ती यामुळे.

तपासायचं म्हणजे काय? मॅटप्लॉटलिबच्या भांडारात आलेखांच्या असंख्य नमुना प्रतिमा जपलेल्या आहेत. कुणी एखादी ओळ बदलायचं सुचवलं की तेच आलेख विंडोज, मॅक आणि लिनक्सवर पुन्हा काढले जातात आणि ठिपक्याला ठिपका लावून नमुन्याशी ताडले जातात. फरक आढळला तर कुठे आहे ते दाखवणारी तिसरी प्रतिमा तयार होते.

या तपासणीने सर्वात जास्त छळलं ते अक्षरांनी. संगणकागणिक फॉन्ट वेगळे, म्हणून मॅटप्लॉटलिब स्वतःचा फॉन्ट सोबत नेते. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून तो डेजावू सान्स आहे. पण फॉन्ट एक असून भागत नाही. अक्षराची बाह्यरेषा ठिपक्यांवर बसवण्याचं काम फ्रीटाइप करतं आणि त्याच्या आवृत्तीगणिक अक्षरं केसभर सरकतात. केसभर सरकणं माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही, पण मजकूर असलेली प्रत्येक नमुना प्रतिमा चुकीची ठरेल. म्हणून प्रकल्पाने २०१५ मधली फ्रीटाइप २.६.१ ही एकच आवृत्ती वर्षानुवर्षं सोबत बांधून ठेवली.

एवढं करूनही गणित स्वतःच हलतं. ॲपलच्या नव्या चिपसारखे एआरएम प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करू शकतात, मधे आकडा छाटत नाहीत. इंटेलसाठी बांधलेल्या प्रोग्राममध्ये सहसा दोन टप्पे होतात. शेवटच्या दशांश स्थानात फरक पडतो आणि एखादा कडेचा ठिपका किंचित फिका होतो. तिथे काही चाचण्यांत थोडी सूट द्यावी लागते. याहून धोकादायक होता विंडोजवरचा पूर्णांक. आकडेमोडीसाठी मॅटप्लॉटलिब ज्या नमपायवर अवलंबून आहे, त्यात विंडोजवर पूर्णांक मुळात ३२ बिटांचा असायचा, बाकीकडे ६४ चा. ५०,००० चा वर्ग अडीच अब्ज होतो, पण ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाता येत नाही. उत्तर ऋण यायचं आणि आलेखाचा स्तंभ खाली लोंबायचा, तेही कुठलीच तक्रार न करता. २०२४ च्या नमपाय २.० ने हा भेद मिटवला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी आजही जपून राहावं.

मॅकवाल्या मुलाच्या तारखांची गोष्टही याच जातीची. त्याला ०५ ऐवजी नुसते ५ हवे होते, म्हणून त्याने तारखेच्या साच्यात टक्क्याचं चिन्ह, मग उणे, मग डी असं लिहिलं. मॅक आणि लिनक्सला हे कळतं. विंडोजला उण्याच्या जागी हॅश लागतो. मॅटप्लॉटलिब तारीख पायथनच्या हवाली करते, पायथन ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी लायब्ररीच्या हवाली करतं, आणि जिथे काम दुसऱ्याच्या हवाली झालं तिथे सारखेपणा संपला. आम्ही तारखेतला दिवस पूर्णांक म्हणून काढून घेतला आणि तोच छापला. मग दोन्हीकडे चाललं. फाइलच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघा, नावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, विंडोजवर जुन्या पद्धतीने वाचली जाणारी मराठी फाइल, हे सगळे त्याचेच भाऊबंद. फाइल उघडताना यूटीएफ-८ (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) असं स्पष्ट लिहायची सवय लावून घ्या, निम्मा त्रास वाचेल.

राहिली ती मुलगी आणि तिचं ‘पर्जन्यमान (मिमी)’.

चौकोन का आले हे आता ओळखता येईल. सोबत नेलेल्या डेजावू सान्समध्ये देवनागरी नाही. तिच्या विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट होता, तो निवडायला सांगितल्यावर चौकोन गेले. पण अक्षरं आली ती अशी: पर्जन्यमान मधला रफार जाच्या डोक्यावर न जाता ‘र’ पायमोडका उभा राहिला, ‘न्य’ची फारकत झाली आणि मिमी मधली ऱ्हस्व वेलांटी पहिल्या मच्या आधी यायची ती नंतर आली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, हे तर चौकोनांपेक्षा वाईट.”

देवनागरी लिहिताना संगणकात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘मि’ म्हणजे आधी म, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढायची असते, जोडाक्षर घडवायचं असतं, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा असतो. या जुळणीसाठी वेगळं यंत्र लागतं. विंडोजकडे ते आहे, मॅककडे आहे, आणि क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांत हार्फबझ नावाचं मुक्त स्रोताचं यंत्र हेच काम करतं. मॅटप्लॉटलिबने चित्र आणि अक्षरं ऑपरेटिंग सिस्टीमकडून न घेता स्वतः काढायचं ठरवलं तेव्हा ती जुळणीही मागे राहिली. फ्रीटाइप एकेक अक्षर सुबक रेखाटतं, त्यांची जुळणी करणं हे त्याचं काम नाही. ज्या निर्णयाने जगभरचे आलेख सारखे झाले, त्याच निर्णयाने देवनागरी, बंगाली, अरबी लिहिणारे बाहेर राहिले. यात कुणाचा दुजाभाव नव्हता. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ही उणीव दिसण्याचं कारणच नव्हतं. आता लायब्ररी देवनागरीबद्दल स्पष्ट इशारा तरी देते, आणि हार्फबझचा आधार असलेलं लिबराक्म जोडून ही उणीव भरण्याचं काम प्रकल्पाने हाती घेतलं आहे. मराठीत आलेख काढणाऱ्यांनी नव्या आवृत्तीवर आपले रफार आणि वेलांट्या तपासाव्यात आणि चुकलं तिथे प्रकल्पाला नमुन्यासह कळवावं. ‘पर्जन्यमान’ हा शब्द चाचणीसाठी फार चांगला आहे.

तोवर काय करायचं? एक वाट झीलाटेक या मजकूर-जुळणीच्या सॉफ्टवेअरची आहे. मॅटप्लॉटलिब मजकूर त्याच्याकडे सोपवू शकते आणि तिथे देवनागरी व्यवस्थित जुळते, पण ते बसवायला भरपूर जागा आणि धीर लागतो. दुसरी वाट त्या दुपारी आम्ही धरली. एसव्हीजी फाइल साठवताना मॅटप्लॉटलिब मजकुराच्या बाह्यरेषा काढून ठेवते, कारण त्या सगळीकडे सारख्या दिसतात. एक सेटिंग बदलून आम्ही तिला सांगितलं की मजकूर मजकूर म्हणूनच राहू दे. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली. ब्राउझरने आपल्या जुळणीयंत्राने अक्षरं जोडली आणि ‘पर्जन्यमान (मिमी)’ पडद्यावर रफारासह नीट उमटलं.

मग तीच फाइल मॅकवर उघडली, उबुंटूवरही उघडली. तिन्हीकडे फॉन्ट निराळे होते, उबुंटूवर नाव थोडं लांब होऊन अक्षाच्या आकड्यांना खेटत होतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी नोटो सान्स देवनागरीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आली आणि आधी तिन्ही लॅपटॉपवर तोच फॉन्ट बसवला.